अंगठा, पट्टा आणि नाडी

खाप्यात माणसाला दिवसातून किती वेळा पायताण काढावं लागे, यावरून ते पायाला कसं अडकवायचं हे ठरत आलं. माझ्या घरात चामड्याचं काम पिढ्यान् पिढ्या झालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, पण त्याआधी बाबांच्या पेटीशी बसून रापी आणि आरी चालवायला शिकलो. तिथं एक गोष्ट मनात पक्की बसली. काट्याखड्यांपासून पाय वाचवतो तो तळ. पण तळ पायाखाली टिकून राहतो तो वरच्या अडकवणीमुळे. आणि ही अडकवणी नुसती पायाच्या घडणीवर ठरत नाही. माणूस कुठं जातो, कुठं बसतो, कोणापुढं उभा राहतो, यावर ती ठरते.

खापा हे सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या काठावरचं जुनं गाव. इथली नगरपालिका १८६७ सालची. गावाची ओळख विणकरांची. कोष्ट्यांच्या घरात पुढच्या खोलीतच खड्डा माग असे. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायाखालच्या फळ्या आळीपाळीनं दाबतो. त्या दाबानं ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि मधल्या फटीतून धोटा सरकतो. फळी किती दबली, कुठं अडली, हे तळव्याला कळावं लागतं, म्हणून मागावर पाय उघडाच लागतो. जेवायला उठला की वहाण, पाणी प्यायला अंगणात गेला की वहाण, परत मागावर बसला की वहाण दाराशी. शेतकऱ्याचंही तेच. वावराकडे जाताना वहाण पायात; चिखल लागला की हातात; घरी आलं की उंबऱ्याबाहेर; देवळात तर बाहेरच. अशा माणसाला दोरी ओवून, गाठ मारून घालायचं पायताण काय कामाचं? त्याला हवी पाय सरकवला की बसणारी आणि पाय उचलला की सुटणारी वस्तू.

ती वस्तू माझे आबाजी करत. त्यांच्या वहाणेचे मुख्य भाग चार : तळ, टाच, पट्टा आणि अंगठा. तळ म्हशीच्या नाहीतर बैलाच्या जाड चामड्याचा, थरावर थर ठेवून कडेनं शिवलेला. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळ्याची नाही. खिळा पावसात गंजतो आणि भोवतालचं चामडं खातो. वादी तळासोबत भिजते आणि तळासोबतच वाळते. टाचेखाली आणखी दोन तुकडे, आणि गिऱ्हाइकानं मागितली तर लोखंडी नाल. पट्टा पावलाच्या उंचवट्यावरून आडवा जाई आणि त्याची दोन्ही टोकं तळाच्या थरांमध्ये खोवून शिवली जात. अंगठा म्हणजे पायाच्या अंगठ्याभोवतीचं चामड्याचं कडं. कातडं कमावलेलं असे ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. त्याला कित्येक दिवस लागत, आणि ते दिवस वाचवायला गेलं की पहिल्याच पावसात तळ फुगून थर सुटत.

यातलं सगळं कसब अंगठा आणि पट्टा यांच्यातल्या अंतरात होतं. चालताना पाय उचलला की माणूस नकळत अंगठा जरा वर वळवतो. त्यानं कडं ओढलं जातं आणि तळ पुढून वर येतो. त्याच वेळी पट्टा पाय बाजूंना सरकू देत नाही. टाच मात्र मोकळी राहते. म्हणजे वहाण दोन ठिकाणी धरलेली आणि मागून सुटी. कडं फार पुढं शिवलं तर बोटं तळाबाहेर येतात, फार मागं शिवलं तर पट्टा पावलाच्या हाडावर घासतो. म्हणून आबाजी पायाचं माप सुतळीनं घेत : एक लांबीचं, एक पावलाच्या उंचवट्याभोवतीचं, आणि तिसरं अंगठ्याच्या बेचक्यापासून पट्ट्यापर्यंतचं. हे तिसरं माप आज कुठल्याच दुकानात घेत नाहीत. नवी वहाण आवळ वाटते अशी तक्रार आली की ते सांगत, "आवळच असू द्या. भिजलं का चामडं ढिलं होते, वाळलं का आवळते. आठ दिवसांनी पाय तिचा अन् ती पायाची."

अंगठ्यामुळे आणखी एक गोष्ट आपोआप होते : डावी आणि उजवी वहाण वेगळी निघते. हे सांगण्यासारखं आहे, कारण युरोपात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत बरेचसे बूट डाव्या-उजव्याचा भेद न ठेवता, एकाच सरळ फर्म्यावर केले जात. आपल्या गावातल्या साध्या वहाणेत तो भेद असणं भागच होतं.

पायताणाबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत बारीक जुना मजकूर मला विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथात, सापडला. त्यातल्या महावग्गात चामड्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. चंपेचा सोण कोळिविस हा श्रीमंताघरचा मुलगा भिक्षू झाला. त्याचे तळवे इतके कोवळे की चंक्रमण करता करता, म्हणजे ध्यानात येरझाऱ्या घालता घालता, वाट रक्तानं माखली. बुद्धांनी त्याला एका थराच्या तळाची वहाण घालायला सांगितलं. त्यानं उत्तर दिलं की सगळ्या संघाला मिळणार असेल तरच मी घालीन, आणि मग ती सर्वांना मिळाली. पुढं कोणती पायताणं भिक्षूंनी घालू नयेत याची यादी येते. रंगीत पट्ट्यांची, टाच झाकणारी, आत कापूस भरलेली, मेंढ्याच्या शिंगासारख्या टोकाची, विंचवाच्या नांगीसारखी वळलेली, मोरपिसं शिवलेली. एवढी नावं ज्या अर्थी लिहून ठेवली, त्या अर्थी एवढे प्रकार बाजारात होते आणि ते करणारे कारागीर होते. त्या कारागिरांची नावं मात्र कोणी लिहिली नाहीत.

त्याच प्रकरणात पुढं अवंतीच्या दक्षिण भागातून बुद्धांचे शिष्य महाकच्चान निरोप पाठवतात. आमच्याकडची जमीन वरून काळी आहे, खडबडीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवून टोचरी झालेली आहे. तेव्हा इथल्या भिक्षूंना अनेक थरांची वहाण घालू द्यावी. बुद्धांनी ती परवानगी दिली. हा प्रदेश आजच्या माळव्याचा. पण वर्णन वाचताना मला आमचंच वावर दिसलं. काळ्या मातीत पावसाळ्यात गुराचा पाय रुततो, उन्हाळ्यात तोच ठसा दगडासारखा वाळतो, आणि त्याच्या कडा तळव्यात घुसतात. आबाजी तळाला थर का वाढवत, त्याचं कारण दोन हजार वर्षांपेक्षा जुन्या परंपरेत असं स्पष्ट सांगितलेलं आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस यानं लिहिलेलं पुढं एरियननं उतरवून ठेवलं आहे. त्यात भारतीय लोक जाड, नक्षीदार तळाचे पांढऱ्या चामड्याचे जोडे घालतात, असा उल्लेख आहे. जाड तळ ही आपली जुनी ओळख आहे.

आता एक कडू गोष्ट. ज्यांनी हे थर शिवले, त्यांना ते पायात घालून हवं तिथं चालता येत नव्हतं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दलितांना वरच्या जातींच्या दारावरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. आबाजींच्या तोंडून मी हे ऐकलं आहे. सांगताना त्यांचा आवाज चढत नसे. ते फक्त पट्ट्याची शिवण थांबवत. त्यांनी शिवलेली वहाण ज्या ओसरीवर ठेवली जाई, त्या ओसरीपुढून जाताना त्यांची स्वतःची त्यांच्या काखेत असे. मोकळ्या टाचेची वहाण चटकन निघते हा तिचा गुण. पण माणसाला चटकन नमवायलाही तो गुण वापरला गेला. पायताणाचा इतिहास लिहिताना हे वगळलं तर तो खोटा होईल.

इंग्रजी अमलात हाच प्रश्न सरकारी दरबारात आला, आणि तिथं तर अडकवणीवरच निकाल झाला. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारनं ठरवलं की युरोपीय धर्तीचे बूट आणि मोजे घालून येणाऱ्या हिंदी माणसानं ते दरबारात पायात ठेवले तरी चालेल. देशी जोडे घालणाऱ्यानं मात्र ते दाराबाहेर काढायचे. सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला, आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरून मोठा वाद झाला. नाडी बांधलेला बूट म्हणजे काढायचा नसलेला बूट, असा अर्थ तेव्हापासून रुजला. शिकलेल्या, नोकरीतल्या माणसाच्या पायात नाडीचा बूट आला तो केवळ आवडीनं नाही. तो पायात असला की उभं राहता येत होतं.

खाप्याच्या परिसरात नाडी आली ती शाळा-कचेरीतून आणि खाणीतून. एकोणिसावं शतक संपता संपता नागपूर जिल्ह्यात मँगनीजचं उत्खनन सुरू झालं. आमच्या शेजारच्या गुमगावची खाण भूमिगत आहे, आज मॉयल या कंपनीची. खाणीत वहाण चालत नाही. खडक घसरतो, पाणी साचतं, वरून दगड पडतो. १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सनं खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला संरक्षक बूट सक्तीचे केले. आणि बाबांच्या पेटीपुढं वेगळंच काम येऊन पडलं.

आबाजींच्या वहाणेचे भाग चार. बाबांना बुटाचे डझनभर शिकावे लागले. तळाला सोल, त्यावर आत इनसोल, टाचेला हील. वरचं सगळं चामडं म्हणजे अप्पर. पुढच्या टोकाला आकार धरून ठेवणारा टो-पफ, टाचेभोवतीचा कडक काउंटर. नाडीखाली जीभ, दोन्ही बाजूंना आयलेटच्या भोकांच्या ओळी, आणि त्यातून जाणारी नाडी. खाणीतले बूट बहुधा तीन जागी फाटत : सोल आणि अप्परच्या सांध्यात, पाय दुमडतो तिथं आडवे, आणि आयलेटपाशी. बाबा आयलेटला फार जपत. भोकाचं चामडं फाटायला लागलं की आतून पट्टी लावून शिवत. ते म्हणत, बुटाचा जीव सोलात असला तरी त्याची पकड भोकात आहे.

नाडीचं काम वहाणेच्या अंगठ्याहून अगदी वेगळं आहे. अंगठा एका बिंदूवर धरतो. नाडी सगळ्या पावलावर दाब वाटून देते. सकाळी पाय बारीक असतो, दिवसभर उभं राहून संध्याकाळी सुजतो; नाडी तेवढी ढिली करता येते. जीभ नसेल तर तोच दाब दोरीच्या रेघांनी पायावर वळ उठवेल. ही युक्ती फार जुनी आहे. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ साली सापडलेला चामड्याचा बूट सुमारे साडेपाच हजार वर्षांचा आहे. एकाच कातड्याचा, पायाभोवती गुंडाळून पुढून भोकांत वादी ओवलेला, आत गवत भरलेलं. थंड मुलुखात बूट दिवसभर पायात राहतो, म्हणून तिथं नाडी वाढली. आमच्या उन्हात आणि उंबऱ्यावर ती वाढली नाही.

शाळेत मी पहिलीच्या मुलांना नाडी बांधायला शिकवत असे. मागावरच्या घरातली मुलं लवकर शिकत, कारण तुटलेला धागा जोडायची गाठ त्यांनी घरी रोज पाहिलेली असे. नाडीची सुरगाठ दोन तऱ्हेनं पडते. खालची आणि वरची अढी उलटसुलट दिशांनी घातली तर फूल बुटावर आडवं बसतं आणि टिकतं. दोन्ही अढ्या एकाच दिशेनं घातल्या तर फूल उभं फिरतं आणि थोड्याच वेळात सुटतं. २०१७ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. धावताना पाऊल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट जोरानं जमिनीवर आदळतं, त्या धक्क्यानं गाठ सैल होते, आणि हेलकावे खाणारी नाडीची टोकं तिला ओढून सोडवतात. मुलांना एवढंच सांगायचं : फूल आडवं दिसलं पाहिजे. उभं दिसलं तर वरची अढी उलटी घाला. खेळाच्या तासाला पडणारी मुलं त्यानं नक्की कमी होतात.

पुढं यंत्रं आली. बूट करण्यातलं सर्वांत अवघड काम अप्पर फर्म्यावर ताणून बसवायचं. ते करणारं यंत्र सुरीनाममध्ये जन्मलेल्या यान अर्न्स्ट मात्झेलिगर या कृष्णवर्णी कारागिरानं अमेरिकेत शोधलं. १८८३ साली त्याला पेटंट मिळालं. त्याच्या यंत्रानं बूट स्वस्त झाले, पण तो स्वतः चाळिशी गाठायच्या आतच वारला. चेनची सुरुवातही बुटापासूनच झाली : व्हिटकॉम्ब जडसननं १८९३ साली पेटंट घेतलं ते बूट बांधण्याच्या सोयीसाठी. वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना सुचली ती शिकारीहून परतताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या गोखरूसारख्या फळांवरून. आमच्याकडं शाळेच्या काळ्या बुटाला वेल्क्रो आलं आणि सकाळी आयांची घाई कमी झाली. रबरी स्लीपर त्याआधीच घराघरांत पोचली होती. तिचा पट्टा तुटला की लोक सेफ्टीपिन लावून दिवस काढत, आणि मग बाबांकडं येत.

विदर्भानं पायताणाच्या इतिहासात भर घातली ती दोन ठिकाणी, आणि ती आपण विसरू नये. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. मेलेल्या गुरांच्याच कातड्यावर, शास्त्रीय रीतीनं काम करायचं आणि हे काम कोणत्याही जातीच्या माणसानं करायचं, हा त्यामागचा आग्रह होता. गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर चपला शिवायला शिकले होते. १९१४ साली त्यांनी जनरल स्मट्स यांना चपलांचा जोड भेट दिला. स्मट्स यांनी तो पंचवीस वर्षांनी, गांधीजींच्या सत्तरीला आदरानं परत पाठवला. चामड्याला हात लावणं हलकं नाही, हे वर्ध्यात कामातून दाखवलं गेलं.

दुसरं ठिकाण म्हणजे कुष्ठरुग्णांच्या वसाहती : दत्तपूर, १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी सुरू केलेलं, अमरावतीचं तपोवन, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन, १९४९ चं. कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाते. खडा टोचला, खिळा वर आला, तरी माणसाला कळत नाही. जखम चिघळत जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगानं झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. म्हणून या पायांसाठी खास चप्पल तयार झाली : आत मऊ मायक्रोसेल्युलर रबर, खाली कडक तळ, कुठंही खिळा नाही. तिची अडकवणी आबाजींच्या वहाणेच्या नेमकी उलट आहे. अंगठ्याचं कडं नाही, कारण ज्या बोटाला जाणीव नाही ते कडं धरू शकत नाही आणि घासलं तर सांगू शकत नाही. टाच मोकळी नाही, कारण चप्पल पायातून निघून गेली तरी माणसाला कळणार नाही. मागून पट्टा आणि वर वेल्क्रो किंवा बक्कल, बधिर हातांनाही लावता येईल असं. मधुमेहानं बधिर झालेल्या पायांनाही आता अशीच चप्पल देतात. मी एका ओळखीच्या म्हाताऱ्या बाईसाठी असा मागचा पट्टा लावून दिला, तेव्हा तिच्या जखमा भरत आल्या. कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं हे नीट ठरवलं तर पाय वाचतो, याहून मोठा पुरावा मला नको.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्रातून आवाज उठला, आणि कंपनीला त्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतली असल्याचं मान्य करावं लागलं. त्या आवाजाला बळ आलं ते मानांकनामुळे. कोणती चप्पल, कुठली, कशी करतात, हे कागदावर होतं.

आमच्या वैनगंगा-कन्हानकाठच्या वहाणेचं असं काही लिहून ठेवलेलं नाही. तिला पट्टा किती रुंद, अंगठा कुठं, थर किती, वादी कशी ओवायची, हे माझ्यासारख्या थोड्या लोकांच्या हातात उरलं आहे आणि आमच्यामागं ते जाईल. म्हणून मी शाळेतल्या मुलांकडून एक जुनी वहाण उसवून घेतली, प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर लावून त्याखाली नाव, माप आणि काम लिहून घेतलं. सावनेर तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं हे करावं; विणकराच्या मागाचं करावं, सुताराच्या वाकसाचं करावं. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ १९७४ पासून आहे. त्यांनी विदर्भातल्या उरलेल्या कारागिरांची मापं आणि नमुने गोळा करावेत. आणि वाचकांना एवढंच सांगणं आहे : चप्पल शिवायला द्याल तेव्हा ती कुठं घासते, कुठं सुटते, दिवसातून किती वेळा काढता, हे शिवणाऱ्याला सांगा. तो ते ऐकून पट्टा अर्धा बोट पुढं-मागं करील. त्या अर्ध्या बोटाचे पैसे घासाघीस न करता द्या. तेच त्याचं शास्त्र आहे.